खरवडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग आपल्याच मनाने का चालते?

फर्मागुडीचा चढ (प्रश्नकर्त्याचे टोपणनाव)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर मी एक वापरलेली, दोन आसनी, इंजिन मध्यभागी असलेली स्पोर्ट्स कार घेतली. पुढची चाके २३५/४० आर १८ आणि मागची २६५/४० आर १८ या मापाची आहेत. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर गाडी इतकी सरळ जाते की स्टिअरिंगवर दोन बोटे पुरतात. फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर खोर्लीच्या अलीकडे एका तुकड्यावर मात्र नवा थर घालण्यासाठी जुने डांबर यंत्राने खरवडून ठेवले होते आणि रस्त्याच्या लांबीच्या दिशेने बारीक, समांतर खाचा उघड्या पडल्या होत्या. त्या तुकड्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गाडी पोहोचली आणि स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे हलके हलके ओढले जाऊ लागले. हट्टी बैल कासरा ओढतो तसे ते वाटत होते. ओढ फार नव्हती, तरी थांबतही नव्हती. मी हात घट्ट केले तेव्हा ती वाढल्यासारखीच वाटली.

दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतले. कागदावर पुढच्या दोन्ही चाकांचा मिळून टो (चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चार मिनिटे, म्हणजे अंशाचे चार साठांश, बाहेरच्या बाजूला आहे, तर कॅम्बर (चाक वरच्या टोकाला आत, म्हणजे उणे, किंवा बाहेर, म्हणजे धन, कलण्याचा कोन) डावीकडे उणे पन्नास मिनिटे आणि उजवीकडे उणे वीस मिनिटे आहे. मेकॅनिकने सर्व काही मर्यादेत असल्याचे सांगितले, पैसे घेतले आणि गाडी परत दिली. त्या तुकड्यावर गाडी पूर्वीसारखीच भटकली. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मागच्या महिन्यात कुडाळ-कणकवलीच्या बाजूला काँक्रीटच्या महामार्गावरून जाऊन आलो. तिथल्या पृष्ठभागावरही रेषा ओढलेल्या आहेत आणि चाकांचा आवाज चांगलाच येतो, पण गाडी तसूभरही हलली नाही. मग हा दोष गाडीचा समजावा की रस्त्याचा? आणि गाडीचा असेल तर नेमका कुठे शोधावा?

रबर आणि रस्ता

फोंडेकर, काँक्रीटच्या रस्त्याची जी गोष्ट आपण जाता जाता सांगितली, तिच्यातच अर्धे उत्तर आहे. तिथे आपण पाहिलेल्या रेषा रस्त्याला आडव्या असणार. चाक त्यांच्यावरून शिडीच्या पायऱ्या ओलांडल्यासारखे जाते, म्हणून आवाज होतो, पण चाकाला डावीउजवीकडे ढकलणारे काही मिळत नाही. विमानतळांच्या धावपट्ट्यांवर पाणी निचरून जावे म्हणून कापलेल्या खाचाही अशाच आडव्या असतात. खरवडणाऱ्या यंत्राच्या ड्रमवरचे दात रस्त्याच्या लांबीच्या दिशेने, साधारण १५ मिलिमीटर अंतराने ओरखडे काढतात. त्या प्रत्येक ओरखड्याला कडा असते आणि ती कडा आपल्या प्रवासाच्या दिशेला समांतर असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काँक्रीट महामार्गांवर पावसात चाके पाण्यावर तरंगू नयेत म्हणून अशा लांबीच्या खाचा मुद्दाम कापल्या जातात आणि तिथल्या मोटारसायकलवाल्यांची तक्रार नेमकी आपल्यासारखीच आहे. या वागण्याला गाड्यांच्या जगात ट्रॅमलायनिंग म्हणतात, म्हणजे चाकाने ट्रामच्या रुळाला धरून चालावे तसे. मुंबईची ट्राम १९६४ साली ३१ मार्चला बंद झाली. तिच्या रुळांच्या फटीत सायकलचे चाक अडकून पडल्याच्या हकिकती गिरगावात राहून आलेल्या आमच्या काकांकडून मी लहानपणी भरपूर ऐकल्या आहेत. आपल्या भाषेत यासाठी चाकोरी हा शब्द फार आधीपासून आहे, आणि तोही बैलगाडीच्याच चाकाने कोरलेला आहे.

आता रबरापाशी येऊ. टायरच्या पृष्ठावर परिघाला धरून जाणारे सलग पट्टे आणि त्यांच्यामधल्या नाळ्या असतात. रस्त्यावरच्या खाचांचे अंतर आणि या पट्ट्यांचे अंतर एकमेकांच्या पटीत जुळले की पट्ट्याची कड खाचेच्या कडेवर टेकते. गाडी किंचित सरकली की ती कड निसटते आणि पुढच्या खाचेत जाऊन बसते. ही बसण्या-निसटण्याची क्रिया तळहाताला वळवळ म्हणून कळते. तिला ठरलेली दिशा नसते, त्यामुळे ती डावीकडेही होते आणि उजवीकडेही. आपल्या कॅम्बरमधला अर्ध्या अंशाचा फरक हे कारण असते, तर गाडी प्रत्येक रस्त्यावर आणि एकाच बाजूला, म्हणजे उजवीकडे, ओढली असती. ज्या चाकाचे कॅम्बर अधिक धन असते, त्या बाजूला गाडी कलते. तुमची गाडी दोन्हीकडे भटकते आणि तेही खाचा असल्या तरच, त्यामुळे अलाइनमेंटवाल्याला दोष देता येणार नाही. त्याने जे मोजले त्याच्याबाहेरची ही गोष्ट आहे.

स्पोर्ट्स कारलाच हे का होते, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. समजा पुढच्या एका चाकावर ३०० किलोच्या आसपास भार आहे आणि हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो आहे. तेवढा भार पेलण्यासाठी रबराचा साधारण १३० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकावा लागतो. बाजूच्या भिंतीचा ताठरपणा आणि नाळ्यांची पोकळी मी येथे सोडून देतो, कारण कल्पना येण्यास एवढे पुरे आहे. टायर अरुंद असून टेकणारा भाग १२ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची लांबी जवळजवळ ११ सेंटिमीटर होते. तोच भाग २० सेंटिमीटर रुंद केला, तर लांबी साडेसहा सेंटिमीटरवर येते. म्हणजे रुंद टायर घेतल्याने रस्त्याला टेकणारे रबर फारसे वाढत नाही, ते फक्त आडवे पसरते. लांबट ठसा मागे रेंगाळणाऱ्या शेपटासारखे काम करतो आणि चाकाला आपोआप सरळ करतो, आणि आखूड ठशात ती ओढ कमी पडते. उलट आडव्या पसरलेल्या ठशात दाबाचे केंद्र एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकायला भरपूर जागा मिळते. ज्या अक्षाभोवती चाक वळते, त्यापासून हे केंद्र जेवढे दूर जाईल तेवढा वळवणारा जोर वाढतो. सरळ करणारी ओढ कमी आणि वळवणारी शक्यता जास्त, अशी ही जोडी आहे.

त्यातच आपल्या पुढच्या २३५/४० टायरची बाजूची भिंत, रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे जेमतेम ९४ मिलिमीटर उंच असते. जुन्या छोट्या गाड्यांच्या १५५/८० टायरची भिंत १२४ मिलिमीटर असून ती मऊही असते. रस्त्याने दिलेला धक्का ती भिंत वाकून गिळते. आपल्या टायरची भिंत तो जशाच्या तसा स्टिअरिंगकडे पाठवते. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे ताठ भिंतीचे टायर असतील तर हे आणखी वाढते.

एक करून पाहा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा उत्पादनाचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोव्यात उघड्या छताच्या गाड्या पावसाळ्याचे चार महिने गॅरेजात उभ्या राहतात. किलोमीटर कमी भरतात, नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र दगडासारखे होऊन बसलेले असते. आपली गाडी वापरलेली आहे, म्हणून विचारतो.

पिवळा मडगार्ड

रबरबाबांच्या म्हणण्याला माझी साक्ष. मी पणजीत मोटारसायकल पायलट आहे आणि त्या खोर्लीच्या तुकड्यावरून रोज भाडी घेऊन जात होतो. मागे बसलेल्या बाईंनी एकदा विचारले की हँडल सैल आहे का. आमच्या गाड्यांच्या पुढच्या टायरवर सरळ, परिघाला धरून जाणाऱ्या तीन-चार रेषाच असतात आणि त्या त्या खाचांत जणू मोजून बसतात. मी त्याच ठिकाणाहून मेहुण्याची स्कूटर नेली, तिच्या टायरची नक्षी तुटक, तिरप्या ठोकळ्यांची आहे, आणि ती निम्मीसुद्धा हलली नाही. हँडल आवळून धरले की हालचाल वाढते, सैल सोडले की गाडी आपली वाट काढते. गाडीवाल्यांनाही तेच लागू असावे.

तिस्कची वळणे

मला एक फरक करावासा वाटतो. खरवडलेल्या रस्त्यावरच्या बारीक खाचा निराळ्या आणि जड वाहनांनी दाबून पाडलेल्या रुंद चाकोऱ्या निराळ्या. वरच्या उत्तरात दोन्हींना एकाच पोत्यात घातल्यासारखे वाटले. मी तिस्क-उसगावचा आहे. खनिजाचे टिपर जोरात चालत होते त्या काळात आमच्याकडच्या रस्त्यांवर, विशेषतः चढावर आणि सिग्नलजवळ, जिथे भरलेला ट्रक हळू चालतो किंवा उभा राहतो तिथे, एप्रिल-मेच्या उन्हात मऊ झालेले डांबर चाकांखालून बाजूला सरकायचे आणि दोन पन्हळी तयार व्हायच्या. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्या, तरी पन्हळी काही लगेच बुजल्या नाहीत. अशा ठिकाणी कठीण डांबर, व्हीजी-४० प्रतीचे, वापरले तर सरकणे कमी होते. सर्वत्र ते वापरले जाते असे मात्र नाही.

या पन्हळीत गाडी ओढली जाण्याचे कारण वेगळे आहे. पन्हळीच्या उतरत्या कडेवर चाक उभे असते, पण त्याच्याखालचा रस्ता तिरपा असतो. गुरुत्वाकर्षण चाकाला खाली, पन्हळीच्या तळाकडे ढकलते. त्याच वेळी तिरप्या रस्त्याच्या मानाने चाक वरच्या बाजूला कललेले असते आणि कललेले चाक कलत्या बाजूला वळू पाहते, घरंगळते नाणे झुकते त्याच बाजूला वळते तसे. जुन्या नायलॉन टायरमध्ये ही दुसरी ओढ इतकी असे की गाडी पन्हळीतून वर चढू बघे. रेडियलमध्ये ती कमी असते, म्हणून रेडियल टायरची गाडी खाली उतरते आणि चाकोरीतच राहू पाहते. शिवाय ट्रकच्या दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर आपल्या गाडीच्या सुमारे दीड मीटरपेक्षा बरेच अधिक असते. परिणामी आपले एक चाक पन्हळीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर अशी स्थिती येते, आणि दोन्ही चाके वेगवेगळ्या दिशांना सांगत असतात. अशा रस्त्यावर मी सरळ दोन्ही पन्हळींच्या मधोमध किंवा पूर्ण बाहेर राहतो, आणि चाकोरी ओलांडायची असेल तेव्हा ठाम कोनात ओलांडतो, रेंगाळत नाही.

हब आणि बुश

मडगावात मी अलाइनमेंटचेच काम करतो, म्हणून माझ्या व्यवसायाची थोडी बाजू घेतो आणि थोडी सोडतोही. टायर-रस्त्याचे वरचे विवेचन बरोबर आहे. परंतु गाडीत काहीच पाहण्यासारखे नाही असा निष्कर्ष त्यातून काढू नये. मी असतो तर पुढील क्रमाने पाहिले असते.

आधी गाडी जॅकवर घेऊन चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. खट् असा आवाज किंवा ढिलेपणा जाणवला तर टाय-रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, बघावा. नंतर बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. तिथे ढिलेपणा असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा संशय घ्यावा. समुद्राजवळच्या घरांमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या सांध्यांवरच्या रबरी बुटात (आवरणात) भेग पडून आत पाणी आणि गंज जातो, हे मी आठवड्यातून दोनदा पाहतो. लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशला, म्हणजे रबरी जोडाला, बारी (लोखंडी पहार) लावून पाहावी, नुसत्या डोळ्यांना ती भेग दिसत नाही. येथे काही सापडले तर मशीनवर गाडी चढवण्याचा उपयोग नाही, कारण उभ्या गाडीवर घेतलेला टो चालत्या गाडीत टिकत नाही.

मग टो. आपल्या कागदावर चार मिनिटे बाहेर आहे. एवढा आकडा क्षुल्लक वाटतो, आणि गुळगुळीत रस्त्यावर तो क्षुल्लक असतोही, पण बाहेरच्या बाजूला टो असलेली गाडी मध्यावर अस्थिर असते. ज्या चाकावर क्षणभर भार अधिक, ते चाक गाडीला आपल्या दिशेने नेते, मग दुसरे. कारखान्याने दिलेल्या मर्यादेच्या आत राहून टो किंचित आत घेतला तर दोन्ही चाके एकमेकांना टेकून उभी राहिल्यासारखी होतात आणि मधली वळवळ कमी होते. कॅम्बरमधली अर्ध्या अंशाची तफावतही मी अशीच सोडून देणार नाही, कारण ती कुठे तरी वाकलेल्या भागाची खूण असू शकते. मात्र ही वेगळी चौकशी आहे.

शेवटी एक प्रश्न, आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आपण गाडी वापरलेली घेतली आहे. आधीच्या मालकाने चाके मडगार्डच्या कडेला आणून ती भरदार दिसावीत म्हणून आत स्पेसर, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसते तो हब यांच्यामधल्या जाड चकत्या, घातले आहेत का? चाकाचा मध्य आणि वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो त्यातले अंतर डिझाइनवाल्यांनी काही मिलिमीटरपर्यंत हिशेब करून ठरवलेले असते. १५ मिलिमीटरचा स्पेसर ते अंतर १५ मिलिमीटरनेच बाहेर नेतो, आणि वर सांगितलेला वळवणारा जोर तेवढ्याने वाढतो. स्पेसर निघाले तर काढताना एक सावधगिरी बाळगावी. स्पेसरसोबत लांब बोल्ट लावलेले असतात. स्पेसर काढून तेच बोल्ट परत लावले तर ते आतपर्यंत घुसून ब्रेकच्या भागांना किंवा मागे हँडब्रेकच्या शूला घासतात. योग्य लांबीचे बोल्ट मिळाल्याशिवाय चाक बसवू नये आणि बसवल्यावर ते हाताने पूर्ण फिरवून पाहावे.

फर्मागुडीचा चढ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण बोल्ट यायलाच वेळ लागला.

हब-बुशबाब, आपण पत्रिका पाहिल्यासारखे लिहिले होते. पुढचे चाक उतरवल्यावर हबवर चांदीसारखी चकचकीत ॲल्युमिनियमची चकती होती, चाकाच्या मागे अगदी चपखल बसलेली. व्हर्नियरने मोजली तर बरोबर १५ मिलिमीटर भरली. मागच्या चाकांनाही होती. मी गाडी घेताना चाकांच्या त्याच भरदार रूपावर भाळलो होतो, हे येथे लिहिताना थोडा संकोच होतो. टाय-रॉड एंड ठीक निघाले, डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश मात्र बारी लावताच उघडा पडला. तो बदलल्यावर कॅम्बरची तफावत आठ मिनिटांवर आली. टो दोन मिनिटे आत घेतला. टायरवरचे आकडे पाहून रबर आणि रस्ता यांनी हसू नये: पुढचे दोन्ही ४२१६.

खोर्लीच्या तुकड्यावर आता नवा थर पडला आहे, त्यामुळे नेमकी तीच कसोटी घेता आली नाही. पण पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामासाठी वाहतूक वळवलेल्या भागात जोडांच्या आणि खाचांच्या पट्ट्या भरपूर आहेत. तिथून रात्री पाऊस पडून गेल्यावर तीनदा गेलो. वळवळ गेलेली नाही. ती निम्म्याहून कमी झाली आहे, आणि मुख्य म्हणजे आता ती बोटांना कळते, खांद्यांना नाही. पायलटबाबांचे ऐकून हात सैल ठेवले होते, म्हणून श्रेयाची वाटणी कशी करावी हे सांगणे कठीण आहे.

आता प्रश्न टायरचा. दहा वर्षांच्या आसपासचे झालेले टायर काढणारच आहे. माप तेच ठेवावे की पुढे २२५ चे घ्यावेत? आणि नक्षी कशी निवडावी?

रबर आणि रस्ता

हसलो नाही, पण ४२१६ वाचून खुर्चीत सरळ बसलो. ते टायर भटकण्याच्या कारणासाठी नव्हे, तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लागण्याच्या कारणासाठी आजच बदलावेत.

माप कारखान्याने सांगितले तेच ठेवावे. दहा मिलिमीटर कमी केल्याने ट्रॅमलायनिंगमध्ये पडणारा फरक थोडा असतो. उलट पुढच्या आणि मागच्या टायरच्या पकडीचा जो समतोल निर्मात्याने मागचे चाक आधी निसटू नये म्हणून साधलेला असतो, तो बिघडतो. मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत हा समतोल खेळण्याचा विषय नाही. नक्षी निवडताना दुकानात टायर आडवा टाकून मधल्या सलग पट्ट्यांकडे पाहावे. सर्व पट्टे सारख्या रुंदीचे आणि अगदी सरळ कडांचे असतील तर तो टायर खाचांत बसण्याची शक्यता जास्त. पट्ट्यांची रुंदी असमान असेल, कडा नागमोडी किंवा दातेरी असतील, तर त्या सर्वांच्या कडा एकाच वेळी खाचेवर येत नाहीत आणि ओढ विभागली जाते. चारही टायर एकाच नमुन्याचे घ्या. हवा सकाळी गाडी थंड असताना दाराच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरून घ्या. पेट्रोल पंपावर सर्व गाड्यांना सरसकट ३५ भरण्याची सवय आहे, तिथे आकडा आपणच सांगावा लागतो.

नवे टायर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर अधिक भटकतील. नव्या रबराचे ठोकळे उंच असतात आणि मुळापासून हलतात, त्यामुळे दुकानातून निघाल्याबरोबर पर्वरीला जाऊन निकाल देऊ नये. आणि स्पेसर विकू नका. दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर ते जातील आणि तो येथेच प्रश्न विचारायला येईल.